चार्टाला मुंडावळ्या

गेल्या महिन्यात आमच्या मनीषनगरच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. सेक्रेटरींनी मोठ्या हौसेनं प्रोजेक्टर आणला होता. पडद्यावर पाण्याच्या वापराचा चार्ट उमटला. गोल, जाडजूड, तिरका ठेवलेला, एक फोड बाहेर ओढलेली, खाली सावली आणि डोळ्यात खुपतील असे रंग. कोणत्या विंगेत किती पाणी जातं हे त्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. लोक मात्र “वा, छान केलंय” म्हणत होते. मी उभी राहिले आणि विचारलं, “हे पाणी आहे की वाढदिवसाचा केक?” शेजारी बसलेला माझा नवरा खुर्चीत खाली खाली सरकत गेला.

घरी येताना तो म्हणाला, एवढ्याशा चित्रावरून एवढा संताप कशाला? त्याला काय सांगणार. हा संताप मूळचा माझा नाहीच. तो मला एका बाईंनी लावला, आणि त्या बाईंशी लोक कसे वागले ते आठवलं की तो आणखी चढतो.

बुटीबोरीच्या एका सूत कारखान्यात मी नोकरी करते. तिथे आमच्या रिपोर्ट सेक्शनच्या प्रमुख होत्या त्या. सगळा कारखाना त्यांना नुसतं ‘मॅडम’ म्हणायचा. मूळच्या सावनेरच्या, संख्याशास्त्र शिकलेल्या, ठेंगण्या, आणि आवाज असा की स्पिनिंगच्या हॉलमध्ये मशिनं चालू असतानाही ऐकू यावा. साड्या नेसायच्या त्या झेंडूपिवळ्या, पोपटी, राणी रंगाच्या. कॉरिडॉरच्या टोकाला त्या दिसल्या की अख्खा कॉरिडॉर उजळायचा. आणि या बाईंचे चार्ट? करडे. सगळं करडं, आणि जी एक गोष्ट बघायची तेवढीच रंगात.

अकाउंट्सच्या एका माणसाने एकदा विचारलंच, “मॅडम, तुम्ही एवढ्या रंगीत राहता, अन् चार्ट काहून असे सुतकी करता?”

“मले पाहून कोणाले काही ठरवायचं आहे का?” मॅडम म्हणाल्या. “साडी मी माह्यासाठी नेसतो. चार्ट दुसऱ्यासाठी राहते.”

त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण एकच वाक्य घेऊन यायचा. “मॅडम, तेवढं जरा छान करून द्या ना.” उद्या मीटिंग असायची, कोणीतरी एक्सेलमधून पहिला हाती लागेल तो चार्ट काढलेला असायचा, आणि त्याला आता पावडर-लाली हवी असायची. हे वाक्य ऐकलं की मॅडमचं टाळकं सरकायचं.

“छान म्हणजे काय करू?” त्या विचारायच्या. “मुंडावळ्या बांधू का त्याले?”

मग त्या खुर्ची ओढून बसायच्या आणि एकेक गोष्ट उपटायला लागायच्या. मागच्या आडव्या रेघा गेल्या. चौकट गेली. खांबांना दिलेली जाडी गेली. सावली दिसली की त्यांच्या तोंडून जे शब्द यायचे ते इथे लिहिता येणार नाहीत. कोपऱ्यात जी रंगांची यादी असते, लाल म्हणजे हे आणि निळं म्हणजे ते, तिला ‘लेजंड’ म्हणतात. त्या लेजंडवर तर त्यांचा खास राग. “वाचणाऱ्याले तुम्ही एका घरी ताट अन् दुसऱ्या घरी वाटी वाढून राहिले,” म्हणायच्या, आणि प्रत्येक रेघेचं नाव त्या रेघेच्या टोकालाच लिहून मोकळ्या व्हायच्या. समोरचा माणूस हळहळत बघत राहायचा. त्याने केवढ्या मेहनतीने ती सजावट केलेली असायची.

तयार झालेला चार्ट त्या काळ्यापांढऱ्या प्रिंटरवर छापायच्या. “रंगाच्या भरोशावर राहिलं का प्रिंटर दगा देते.” मग तो कागद लोखंडी आलमारीवर चुंबकाने लावायचा आणि स्वतः दारात जाऊन उभं राहायचं. दारातून मुद्दा कळला तर पास. नाही कळला तर परत. मी नवीन होते तेव्हा माझे कितीतरी कागद दारातूनच नापास झाले. बोलायच्या काही नाहीत, फक्त डोळे बारीक करून विचारायच्या, “काय म्हणून राहिला वं हा?” आणि मला खरंच सांगता यायचं नाही.

हे वेड ऑफिसपुरतं नव्हतं. आम्ही दोघी मनीषनगरहून स्टाफ बसने जायचो. बसमध्ये त्या पेपर उघडायच्या आणि त्यातल्या चार्टांवर पेनाने फुल्या मारत सुटायच्या. वीज बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा चिमुकला चार्ट असतो ना, तो त्यांना आवडायचा. “पाह्य, काही नखरे नाही,” म्हणून त्यांनी मला एकदा स्वतःचं बिल दाखवलं होतं. वीज बिलाचं कौतुक करणारी मी पाहिलेली ती एकमेव व्यक्ती.

आता मानपानाची गोष्ट सांगते, म्हणजे बाई कोणत्या लोकांत काम करत होत्या ते कळेल. कोणत्या विभागात मशिनं किती तास बंद राहिली, याचा चार्ट दर महिन्याला निघायचा. त्यातल्या आडव्या खांबांचा क्रम मॅनेजरांच्या ज्येष्ठतेनुसार असे. सर्वांत जुन्या मॅनेजरचा विभाग सर्वांत वर, काल आलेल्याचा तळाला. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कोणी मोडत नसे. बंद पडलेल्या मशिनांच्या चार्टातसुद्धा या लोकांना मानाचं पान हवं होतं.

मॅडमनी प्रमुख झाल्याबरोबर तो क्रम उडवला आणि सर्वांत मोठा खांब वर, सर्वांत लहान खाली, असा लावला. पॅकिंगचे मॅनेजर कारखान्यात सगळ्यांत जुने. त्यांची मशिनं जवळजवळ बंद पडतच नसत, त्यामुळे ते गेले तळाला. कागद हातात घेऊन ते आमच्या खोलीत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

“मॅडम, हा काय प्रकार आहे? मी इथं सगळ्यात सीनियर. मले शेवटी टाकलं तुम्ही.”

“साहेब, तुमचं काम चांगलं आहे म्हणून तुम्ही शेवटी आहात.”

“ते मले माहीत नाही. शेवटी म्हणजे शेवटी दिसून राहिलं ना.”

“मंग मशिनं बंद पाडा,” मॅडम म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात वर घेतो तुमाले.”

ते प्लांट हेडकडे तक्रार घेऊन गेले. आमचे प्लांट हेड हा गोड बोलणारा माणूस. कोणालाही नाही म्हणायचे नाहीत आणि कोणासाठी काही करायचे नाहीत. त्यांनी मॅडमना बोलावून हसत हसत सांगितलं, “जरा सांभाळून घ्या ना.” मॅडमनी सांभाळून घेतलं नाही. क्रम तोच राहिला, पण त्या दिवसापासून बाई ‘भांडकुदळ’ ठरल्या. खरं बोलणाऱ्या बाईला हा शब्द आपल्याकडे फार लवकर मिळतो.

आणि आता शून्याचं. सेल्सच्या एका हुशार गृहस्थांनी एकदा विक्रीचा चार्ट केला. विक्री जेमतेम वाढली होती. पण त्यांनी डाव्या बाजूची आकड्यांची उभी पट्टी, म्हणजे अ‍ॅक्सिस, शून्यापासून सुरू न करता मधूनच सुरू केली. खांबांचे पाय कापले गेले, आणि उरलेल्या डोक्यांमध्ये केसभर फरक डोंगराएवढा दिसायला लागला. त्या डोंगरावर त्यांचं कौतुक झालं. मॅडम भयंकर चिडल्या. त्यांनी अख्ख्या कारखान्यासाठी एक टेम्प्लेट तयार केलं, ज्यात आकडे भरता येत पण अ‍ॅक्सिस हलवता येत नसे. तो शून्यापासूनच. भिंतीवर स्वतःच्या सहीचा कागद चिकटवला: ‘अ‍ॅक्सिस शून्यापासून. अपवाद नाही.’

मी तेव्हा विचारलं होतं, “मॅडम, खांबांचं ठीक आहे. पण नुसती रेघ असते त्या चार्टाला कशाला शून्य? रेघेचा तर चढउतार बघायचा असतो.”

“माहीत आहे वं मले. पण या लोकाइले एक सूट देल्ली का ते दहा घेतात. उद्या पुन्हा खांबाचे पाय कापतीन.”

‘अपवाद नाही’ या दोन शब्दांनीच पुढे त्यांचा घात केला.

सुती धाग्याला थंड, दमट हवा लागते, नाहीतर तो तुटत राहतो. म्हणून स्पिनिंगच्या हॉलला ओली थंड हवा पुरवणारी एक मोठी यंत्रणा असते. आमची जुनी झाली होती, आणि त्या उन्हाळ्यात तिचा अर्धा भाग बंदच होता. दुरुस्तीची फाइल प्लांट हेडच्या टेबलावर पडून होती. हॉलमध्ये मशिनांवर उभ्या असायच्या त्या बहुतेक ओडिशा-झारखंडहून आलेल्या मुली, कारखान्यामागच्या होस्टेलात राहणाऱ्या. त्यांच्यासाठी बोलायला कोण येणार होतं?

हॉलच्या तापमानाचे आकडे रोज आमच्याकडे यायचे. एप्रिलमध्ये एकदा मॅडमना ते पटेनात म्हणून स्वतः थर्मामीटर बघायला त्या हॉलमध्ये गेल्या, मीही बरोबर होते. आमच्या डोळ्यांदेखत ओडिशाची एक पोरगी मशिनला टेकली आणि तशीच खाली बसली. मॅडमनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. प्रथमोपचाराच्या खोलीत तिच्या नावापुढे लिहिलं गेलं, ‘सकाळी न जेवल्याने अशक्तपणा.’

“मैंने खाया था मैडम,” ती मुलगी सांगत होती. “भात खाया था.”

तिचं कोणी ऐकलं नाही. मॅडमनी ऐकलं. त्या वर आल्या, हात धुतले आणि चार्ट करायला बसल्या. अ‍ॅक्सिस तीस अंशांपासून घेतला. ‘इथपर्यंत ठीक’ अशी एक फिकट करडी रेघ आखली. आणि आठवड्यामागून आठवडा ती करडी रेघ ओलांडून वर वर जाणारी एकच लाल रेघ. वर एक वाक्य: ‘हॉलमधली गरमी दर आठवड्याला वाढत आहे.’ आलमारीवर लावल्यावर तो दारातूनच काय, जिन्यातूनही कळला असता.

महिन्याच्या रिव्ह्यूला पुण्याहून डायरेक्टर आले. एसी खोलीत, थंडगार. पडद्यावर तापमानाची पाळी आली आणि मी बघतच राहिले. तो आमचा चार्ट नव्हताच. तेच आकडे, पण टेम्प्लेटमध्ये भरलेले, शून्यापासून. खाली भली मोठी पांढरी जागा आणि वर कुठेतरी एक शांत, आडवी रेघ. मथळा होता ‘तापमान स्थिर’.

“मॅडमचा चार्ट टेम्प्लेटमध्ये नव्हता,” प्लांट हेड हसून म्हणाले. “मग दुरुस्त करून घेतला. नियम सगळ्यांना सारखाच, नाही का मॅडम?”

आणि डायरेक्टर काय म्हणाले असतील? “व्हेरी क्लीन. आपल्या बाकीच्या युनिटमध्येही असे चार्ट हवेत.”

मॅडम उभ्या राहिल्या. “साहेब, नियम माहाच आहे, अन् तो इथं चुकीचा लागला. घरी लेकरू तापानं फणफणून राहिलं, अन् त्याचा ताप शून्यापासून काढला, त रेघ सपाटच दिसन. मंग डॉक्टरले बोलवत नाही का आपण?”

दोघे-तिघे हसले. डायरेक्टरनी घड्याळ पाहिलं. “पॉइंट नोटेड, मॅडम. पुढची स्लाइड.”

खाली हॉलमध्ये मुली उभ्या होत्या आणि वर हे लोक पुढच्या स्लाइडला गेले.

संध्याकाळी बसमध्ये मॅडमनी पेपर उघडला नाही. मनीषनगर जवळ आल्यावर म्हणाल्या, “माह्याच हातानं झालं वं.”

“तुमची काय चूक यात? त्यांनी मुद्दाम केलं.”

“त्यानं मुद्दाम केलं हे खरं. पण मले लोकाइवर भरोसा नव्हता, म्हणून मी नियमाचे डोळे बांधले. डोळे बांधलेल्याले कोणीबी हात धरून कुठंबी नेते.”

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी भिंतीवरच्या कागदावर ‘अपवाद नाही’ हे शब्द खोडले आणि खाली लिहिलं, ‘खांबांसाठी. रेघेसाठी डोकं वापरा.’ पुन्हा सही केली.

पुढचा रिव्ह्यू मे महिन्यात, भर दुपारी. मीटिंगची खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून. मेमधलं आमचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सगळे येऊन बसले आणि एसी चालू होईना, कारण रिमोट सापडेना. शिपाई ड्रॉवर उपसत होता. मॅडमनी मध्यभागी एक थर्मामीटर ठेवला आणि मला सांगितलं, थोड्या थोड्या वेळाने याचा आकडा लॅपटॉपवर भरत राहा. पडद्यावर टेम्प्लेट उघडलेलं होतं, जुनं, शून्यापासूनचं.

मी आकडे भरत गेले. कोणाची कॉलर ओली झाली, कोणी फाइलने वारा घ्यायला लागलं. प्लांट हेडच्या कपाळावरून घाम नाकापर्यंत आला. शेवटी डायरेक्टर वैतागले.

“अहो, एसीचं काय झालं? बसवत नाहीये इथे.”

“काहून साहेब?” मॅडमनी पडद्याकडे हात केला. “तापमान त स्थिर आहे.”

पडद्यावर आडवी रेघ होती. खोलीत कोणी हसलं नाही.

मॅडमनी माझ्याकडून माऊस घेतला, अ‍ॅक्सिसचं कुलूप उघडलं आणि शून्य खोडून तीस केलं. आडवी पडलेली रेघ उभी राहिली. त्यांनी शेजारी हॉलची रेघ आणली. ती आमच्या खोलीच्याही वर होती.

“तुमाले इथं बसून अर्धा तास नाही झाला,” त्या म्हणाल्या. “खाली पोरी पूर्ण शिफ्ट उभ्या राहतात. अन् पडल्या त आपण लिहितो, जेवली नव्हती.”

मग त्यांनी पर्स उघडली, एसीचा रिमोट काढला आणि बटण दाबलं.

थंड हवेचा पहिला झोत आला. मग डायरेक्टरनी प्लांट हेडना विचारलं, “ती यंत्रणा अर्धी बंद का आहे?” डायरेक्टर पुण्याला परत जायच्या आधी दुरुस्ती मंजूर झाली.

हे वाचून कोणाला वाटेल की बाईंचा सत्कार झाला असेल. त्याच आठवड्यात त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली. बोल्ट, बेअरिंग, पट्टे. तिथे कॉम्प्युटरही दिला नाही. आदेशात लिहिलं होतं, ‘अनुभवी व्यक्तीची गरज.’ निवृत्तीला थोडेच महिने उरलेल्या बाईला त्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं, आणि ज्या लोकांचे चार्ट त्यांनी वर्षानुवर्षं सुधारून दिले त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. कँटीनमध्ये म्हणत होते, रिमोट पर्समध्ये ठेवणं म्हणजे जरा अतीच झालं. पोरी चक्कर येऊन पडणं अती नव्हतं!

मी स्टोअरमध्ये भेटायला गेले तर मॅडम ड्रॉवरांवर खडूने मोठ्या अक्षरांत नावं लिहीत होत्या. आधी तिथे नंबर होते आणि नंबरांची यादी दाराशी टांगलेली होती. “इथंबी लेजंडच होता,” त्या म्हणाल्या. “काढून टाकला.”

निरोप समारंभाला प्लांट हेड बोलले. “मॅडमनी आपल्या चार्टांना सौंदर्य दिलं.” मग शाल, श्रीफळ आणि एक मोठी फ्रेम. फ्रेममध्ये मॅडमच्या नोकरीचा गोल चार्ट होता, कोणत्या विभागात किती वर्षं. जाडजूड, तिरका, सावलीसकट, मध्यभागी त्यांचा फोटो. मॅडमनी तो सवयीने हात लांब करून पाहिला आणि भाषणात एवढंच म्हणाल्या, “धन्यवाद. मुंडावळ्या राहिल्या वाटते.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो विनोद वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमात प्लांट हेडना पुण्याहून बक्षीस मिळालं. कशाबद्दल? कामगारांच्या कल्याणाबद्दल. पडद्यावर त्यांनी हॉलचं तापमान कसं उतरलं ते दाखवलं. अ‍ॅक्सिस तीस अंशांपासून! टेम्प्लेट गेलं, सारखा नियम गेला. रेघेवर एक जाड सोनेरी बाण खाली झेपावत होता, बाणाला सावली होती, आणि मॅडमचं नाव कुठेही नव्हतं. मी फोटो काढला आणि रविवारी तडक सावनेर गाठलं. निवृत्तीनंतर मॅडम तिथे भावाच्या शेजारी घर बांधून राहतात.

राणी रंगाची साडी नेसून त्या दारातच उभ्या होत्या. मी बसायच्या आधीच फोन त्यांच्यापुढे धरला आणि सगळं भडाभडा बोलून टाकलं. तुमचा चार्ट, तुमचा अ‍ॅक्सिस, आणि बक्षीस यांना. तुम्ही केलं तेव्हा चुकीचं होतं, यांनी केलं तर बरोबर.

मॅडमनी फोन हातात घेतला, हात लांब केला, डोळे बारीक केले.

“हे खरंच उतरलं का वं, का चार्टातच?”

“खरंच उतरलं. मी हॉलमध्ये जाते ना. त्यानंतर कोणी पडलं नाही.”

“ते ओडिशाची पोरगी?”

“आहे. त्याच मशिनवर आहे.”

“मंग रेघ बरोबर आहे,” मॅडम म्हणाल्या, आणि फोन मला परत देऊन चहा ठेवायला आत गेल्या.

मी तिथे बसून राहिले. एवढी तणतणत आले होते, आणि त्यांना नावाचं काही वाटतच नव्हतं. तेवढ्यात आतून भांड्याचा आवाज झाला आणि त्यामागून त्यांचा, हॉलमध्ये ऐकू जाणारा.

“काहून वं, रेघ खाली येऊन राहिली हे लोकाइले दिसत नाही का? तो बाण कायले लावला त्यानं? अन् वरतून त्याले सावली! उद्या जाशीन त पहिले तो बाण काढाले लाव.”

सोमवारी मी प्लांट हेडच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, “सर, ती स्लाइड नोटीस बोर्डावर लागणार आहे. त्यातला बाण काढा. आणि खाली लिहा, मूळ चार्ट कोणाचा होता ते.”

“अहो, असू द्या ना,” ते गोड हसले. “छान दिसतोय.”

त्यांच्या टेबलावर एसीचा रिमोट पडला होता. मी तो उचलला आणि पर्समध्ये टाकला. मग त्यांनी लॅपटॉप उघडला.